श्रद्धा अभ्यासावर, मोकळे मन निष्कर्षाविषयी

प्रश्न : दोन वर्षांपासून मी योगवर्गाला जाते. आसनांचा आणि प्राणायामाचा मला निश्चित उपयोग होतो. पण चक्रे, नाड्या, सिद्धी, पूर्वजन्म या गोष्टी माझ्या बुद्धीला पटत नाहीत. आमचे शिक्षक म्हणतात की श्रद्धा नसेल तर योग हा नुसता व्यायाम आहे. घरचे म्हणतात की मन मोकळे ठेव, सगळेच करून बघ. श्रद्धा आणि मोकळे मन ही दोन्ही एकत्र नांदू शकतात का? वर्गाच्या सुरुवातीला ओंकार म्हणताना मला खोटेपणा केल्यासारखे वाटते. तो म्हणावा की नाही?

उत्तर : नांदू शकतात, मात्र दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. योगात श्रद्धा ठेवायची ती अभ्यासावर, आणि मन मोकळे ठेवायचे ते त्या अभ्यासातून काय हाती लागेल याविषयी. गेली तीस वर्षे शिकवताना मी बहुतेक वेळा नेमके उलटे घडताना पाहिले आहे. निष्कर्षांवर लोकांची दृढ श्रद्धा असते, कुंडलिनी, म्हणजे शरीरात सुप्त मानलेली शक्ती, कुठून उठते आणि कुठे पोहोचते हे त्यांना पाठ असते, पण अभ्यास मात्र इतका मोकळा असतो की दर पंधरवड्याला तो बदलतो.

महाराष्ट्रात ‘श्रद्धा’ हा शब्द उच्चारला की पाठोपाठ ‘अंधश्रद्धा’ हा शब्द येतो आणि चर्चा तिथेच अडकते. त्यामुळे हा शब्द योगशास्त्रात कोणत्या अर्थाने येतो ते आधी पाहू. तो अतिशय जुना आहे; ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर एक स्वतंत्र सूक्त आहे, आणि वैदिक शब्दांच्या निघंटूत, म्हणजे कोशात, ‘श्रत्’ हा सत्याच्या नावांपैकी एक म्हणून नोंदलेला आहे. त्या अर्थाने श्रद्धा म्हणजे सत्याच्या ठायी स्वतःला ठेवणे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, विसाव्या सूत्रात, श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा असा क्रम दिला आहे. त्यावरील व्यासभाष्य ही जुनी टीका श्रद्धेची व्याख्या ‘चेतसः संप्रसादः’ अशी करते, आणि ती कल्याण करणाऱ्या आईप्रमाणे योगसाधकाचे रक्षण करते असे म्हणते. संप्रसाद म्हणजे निवळणे. गढूळ पाण्याचा हंडा न हलवता ठेवला की गाळ खाली बसतो, तसे चित्ताचे निवळणे. एखादे विधान खरे मानणे असा अर्थ या व्याख्येत कुठेही नाही.

याच सूत्राच्या भाष्यातील पुढचे वाक्य तुमच्या शिक्षकांना जरूर दाखवा. श्रद्धावान आणि विवेकार्थी अशा साधकाच्या ठिकाणी वीर्य, म्हणजे अभ्यासाचा उत्साह, उत्पन्न होतो, असे भाष्यकार म्हणतात. ‘श्रद्दधानस्य विवेकार्थिनः’ ही दोन विशेषणे एकाच माणसाची आहेत. शिवाय क्रम पाहा : प्रज्ञा, म्हणजे यथार्थ ज्ञान, शेवटी येते. श्रद्धा हेच ज्ञान असते तर पुढच्या चार पायऱ्यांची गरजच उरली नसती. ज्ञान अजून झालेले नाही, पण त्या दिशेने चालत राहण्याइतके चित्त स्थिर झाले आहे, त्या मधल्या काळातील अवस्थेचे नाव श्रद्धा आहे.

हेच पाच गुण याच क्रमाने बौद्ध परंपरेत ‘पाच इंद्रिये’ म्हणून येतात : सद्धा, विरिय, सति, समाधि, पञ्ञा. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी त्यांवर जे लिहिले आहे ते मला प्रत्येक योगवर्गाच्या भिंतीवर लावावेसे वाटते. श्रद्धा आणि प्रज्ञा यांचा समतोल हवा, असे ते सांगतात. श्रद्धा बळकट आणि प्रज्ञा दुबळी असेल तर माणूस नको तिथे विश्वास ठेवतो, आणि प्रज्ञा बळकट पण श्रद्धा दुबळी असेल तर तो लबाडीकडे झुकतो व औषधातूनच उद्भवलेल्या रोगासारखा असाध्य होतो. दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. जो प्रत्येक गोष्टीला तीक्ष्ण आक्षेप घेतो, पण कोणतीच गोष्ट सहा महिने करून पाहत नाही, त्याची बुद्धी त्याला अभ्यास टाळण्यासाठी सबबी पुरवू लागते. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. खरे सांगायचे तर ऐन पंचविशीत मीही त्यांच्यापैकीच एक होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. श्रद्धा आणि पडताळा यांचा संबंध योगसूत्रांच्या परंपरेने जितका स्पष्ट सांगितला आहे तितका तो फार थोड्या ठिकाणी आढळतो. पहिल्या पादातील पस्तिसावे सूत्र नाकाचा शेंडा, जिभेचे टोक अशा ठिकाणी चित्त एकाग्र केल्यावर येणाऱ्या सूक्ष्म अनुभवांविषयी आहे. हे अनुभव हवेत कशाला, असा प्रश्न तुमच्यासारख्या साधकाला पडेल. भाष्यकारांचे उत्तर असे आहे : शास्त्र, अनुमान आणि आचार्यांचा उपदेश यांतून कळलेले खरे असले, तरी त्यातील एखादा अंश जोवर स्वतःच्या इंद्रियांनी जाणला जात नाही, तोवर सगळेच परोक्षासारखे, म्हणजे न पाहिलेल्यासारखे, राहते आणि मोक्षासारख्या सूक्ष्म विषयांत बुद्धी दृढ होत नाही, म्हणून काहीतरी एक विशेष प्रत्यक्ष करून घेतलाच पाहिजे. ‘अवश्यं कश्चिद्विशेषः प्रत्यक्षीकर्तव्यः’ असे त्यांचे शब्द आहेत. तो एक अंश प्रत्यक्ष झाला की उरलेल्यावर श्रद्धा बसते, आणि मग श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी अडथळ्याविना येतात. म्हणजे तुमच्याकडून सगळे आधीच मानण्याची अपेक्षा खुद्द भाष्यकारांचीही नाही. त्यांची मागणी लहान आहे, पण टाळता येण्यासारखी नाही : एक गोष्ट स्वतः पाहा.

शब्दप्रामाण्याविषयीही भाष्य असेच सावध आहे. आगम, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचा शब्द, हे योगशास्त्रात प्रमाण मानलेले आहे. पण सातव्या सूत्राच्या भाष्यात लगेच अट येते की सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा अनुमानाने जाणलेली नसेल, तर तो आगम टिकत नाही. माझ्यासारखे शिक्षक वर्गात जे सांगतात त्यातील किती या अटीत बसते, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी मोजावे. मी मोजले तेव्हा संख्या सुखावह नव्हती.

एक उदाहरण माझ्याच चुकीचे देतो. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षे मी बिनदिक्कत सांगत असे की प्राणायामाने रक्तात भरपूर जास्त ऑक्सिजन जातो. ते मी ऐकले होते, वाचले होते आणि पुढे ढकलत होतो. निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही सुमारे ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते, तिथे भर घालायला फारशी जागाच नसते. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हा हे कुणालाही बोटावर वाचता येत होते. प्राणायामाचा उपयोग होतो, पण तो संथ श्वसनाचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम, श्वासावरील ताबा आणि चित्ताची स्थिरता या वाटांनी होतो. अनुभव खरा आणि त्याचे मी दिलेले कारण चुकीचे, अशी ही गोष्ट होती.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वेगाने आणि खोल श्वसन केले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, डोके हलके होते. एका शिबिरात एका तरुणाला हे सगळे झाले आणि शेजारच्या साधकाने त्याला कुंडलिनी जागृत झाल्याचे सांगितले. तो मुलगा पुढे कित्येक महिने त्या मुंग्यांच्याच मागे होता. योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे साधनेतील विघ्ने, सांगितले आहेत. त्यांत ‘संशय’ आहे, आणि त्याच यादीत ‘भ्रांतिदर्शन’ही आहे, म्हणजे नसलेले पाहिल्याचा भ्रम. जे शिक्षक संशयाला विघ्न म्हणतात त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे पडताळ्याची परंपरा नव्हती असेही नाही. स्वामी दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मकथनात एक प्रसंग नोंदवला आहे. हठयोगाच्या ग्रंथांतील नाडीचक्रांच्या वर्णनांविषयी त्यांना शंका होती. गंगेत वाहत जाणारे एक प्रेत त्यांनी बाहेर ओढले, ते चिरून ग्रंथातील वर्णनाशी ताडून पाहिले, काहीच जुळेना, तेव्हा ग्रंथ फाडून त्या प्रेतासोबत नदीत सोडून दिले. पातंजल योगावरील त्यांची निष्ठा मात्र पुढेही कायम राहिली. त्यानंतर काही दशकांनी स्वामी कुवलयानंदांनी वेगळी वाट धरली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केले, आणि उड्डियान व नौली या पोट आत ओढण्याच्या व पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रिया करताना पोटात काय घडते ते क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. बस्तिक्रियेत, म्हणजे गुदद्वारातून पाणी आत घेऊन आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी वर कसे ओढले जाते याचे उत्तर त्यातून मिळाले. त्या कमी दाबाच्या अवस्थेला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. प्रयोगशाळेत मिळालेल्या निष्कर्षाला गुरूचे नाव देणारा हा माणूस तुमच्या प्रश्नाचे उत्तर जगून गेला आहे. त्यांची गुरूवर श्रद्धा होती, आणि म्हणूनच गुरूने शिकवलेली क्रिया मोजून पाहण्याइतकी त्यांना ती मोलाची वाटली.

दयानंदांच्या प्रयोगाविषयी माझे मत असे की चक्रे हे शरीरातील अवयव आहेत, असा दावा असेल तर त्यांनी तो कायमचा निकालात काढला. मात्र तांत्रिक आणि नाथ ग्रंथांत चक्रांची संख्या एकसारखी नाही. कुठे सहा आहेत, ‘सिद्धसिद्धांतपद्धती’त नऊ आहेत. अवयवांची संख्या ग्रंथागणिक बदलत नसते. ध्यानासाठी शरीरात कल्पिलेली स्थाने मात्र परंपरेगणिक बदलू शकतात. मी चक्रे शिकवतो ती याच अर्थाने : चित्त ठेवण्याच्या जागा म्हणून. तुम्ही त्यांवर ‘विश्वास’ ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, जसा नकाशावरच्या रेघेवर पाऊल ठेवण्याचा प्रश्न येत नाही. सिद्धी आणि पूर्वजन्म यांविषयी मी स्वतः मौन पाळतो, कारण त्यांतील काहीही मी पाहिलेले नाही.

आता संशयाविषयी. गीतेतील ‘संशयात्मा विनश्यति’ हे वचन विद्यार्थ्यांना गप्प करण्यासाठी सर्रास वापरले जाते. ज्ञानेश्वरांनीही त्या श्लोकावर ‘म्हणौनि संशयाहूनि थोर । आणिक नाहीं पाप घोर’ असे कठोर शब्द लिहिले आहेत. पण त्याच अध्यायात, काही श्लोक आधी, ज्ञान मिळवण्याचे साधन म्हणून ‘परिप्रश्न’ सांगितलेला आहे, म्हणजे चहूबाजूंनी विचारणे. सहाव्या अध्यायात अर्जुन आपला संशय उघडपणे मांडतो आणि तो पूर्णपणे छेदून टाकण्याची विनंती करतो. आणि अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर त्याला सांगितले जाते की याचा संपूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. मग विनाशाकडे नेणारा संशय कोणता? योगभाष्याची व्याख्या येथे उपयोगी पडते : दोन्ही टोकांना स्पर्श करणारे ज्ञान, ‘हे असे असेल, की नसेल’ असे झोके घेत राहणारे. प्रश्न विचारणारा माणूस उत्तराकडे निघालेला असतो. संशयात्मा मात्र दोन्ही टोकांच्या मध्ये मुक्काम ठोकून बसतो, कारण निघाले तर काहीतरी करावे लागेल. तुमचा प्रश्न ज्या रीतीने आला आहे त्यावरून तुम्ही पहिल्या प्रकारच्या आहात असे मला वाटते.

घरच्यांचा ‘सगळेच करून बघ’ हा सल्ला प्रेमाचा आहे, पण मोकळ्या मनाचा तो चुकीचा अर्थ आहे. पतंजलींचे मन मोकळे होते याचा पुरावा ‘वा’ या एका अव्ययात आहे. चित्त स्थिर करण्याचे उपाय सांगताना पहिल्या पादातील चौतिसाव्यापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत सहाही सूत्रांत ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, येतो : श्वासाचे रेचन व धारण, किंवा सूक्ष्म विषय, किंवा आतला शोकरहित प्रकाश, किंवा वीतराग, म्हणजे आसक्ती सुटलेल्या, पुरुषाचे चित्त, किंवा स्वप्न व निद्रेतील ज्ञान, आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे तुम्हाला जे रुचेल त्याचे ध्यान. इतकी उदारता क्वचितच दिसते. ईश्वरप्रणिधानाच्या, म्हणजे ईश्वराला समर्पित होण्याच्या, सूत्रातही ‘वा’ आहे. पण ‘वा’ म्हणजे ‘आणि’ नव्हे. निवड मोकळी आहे. निवडल्यावर मात्र चौदावे सूत्र लागू होते : दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो. दुधाला विरजण लावल्यावर दर अर्ध्या तासाने भांडे हलवून पाहणाऱ्याचे दही लागत नाही, आणि दोष मात्र विरजणाला येतो.

या संदर्भात सुमारे तेराव्या शतकातील ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ या हठयोगावरील ग्रंथात एक विलक्षण वचन आहे. ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध, जैन, कापालिक किंवा अगदी चार्वाक असो, जो सुज्ञ श्रद्धेने नित्य योगाभ्यासात रत राहतो त्याला सिद्धी मिळते, असे ते सांगते. चार्वाकाची श्रद्धा कशावर असेल? तो वेद, परलोक, आत्मा यांपैकी काहीच मानत नाही. तरीही ग्रंथकार त्याला श्रद्धावान म्हणायला तयार आहे, कारण ही श्रद्धा क्रियेवरची आहे. लगेच पुढे ‘क्रियायुक्तस्य सिद्धिः स्यात्’ असे वचन येते. तुमच्या शिक्षकांचे वाक्य म्हणूनच अर्धे बरोबर आहे. श्रद्धेशिवाय योग होत नाही हे खरे. पण ती श्रद्धा त्यांच्या सगळ्या विधानांवर असली पाहिजे, हे त्यातून निघत नाही.

श्रद्धेची एक सीमा मात्र मी ठामपणे आखतो. योगावर विश्वास बसला म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा दम्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. रक्तदाब वाढलेला असताना कपालभाती, भस्त्रिका हे वेगवान श्वसनाचे प्रकार आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, करू नयेत. हठप्रदीपिकेसारखा हठयोगाचा श्रद्धाळू ग्रंथसुद्धा सांगतो की युक्तीने केलेल्या प्राणायामाने सर्व रोगांचा क्षय होतो आणि अयुक्त अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात. पहिला चरण मला अतिशयोक्तीचा वाटतो, दुसऱ्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे : तिशीत हट्टाने कुंभक वाढवत नेला आणि आठवडाभर छातीतील धडधडीने झोप उडाली होती. सरावाविषयी शंका विचारल्यावर जे शिक्षक रागावतात, किंवा तब्येत बिघडल्यावर ‘श्रद्धा कमी पडली’ असे म्हणतात, त्यांच्याकडून उठून यावे. त्यासाठी आणखी कोणत्याही कारणाची गरज नाही.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. एक साधना निवडा. मी तुम्हाला तेहतिसावे सूत्र सुचवीन, कारण त्यात चक्र नाही, नाडी नाही आणि पडताळा रोजच्या व्यवहारात मिळतो : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा, म्हणजे त्याच्या वागण्याचा मनाला ताप करून न घेणे. या भावनांनी चित्त प्रसन्न होते, असे सूत्राचे विधान आहे, आणि हे विधान तपासता येते. चारांपैकी एकच घ्या. समजा मैत्री घेतली, तर कार्यालयात ज्या सहकाऱ्याला बढती मिळाल्यामुळे तुमच्या मनात काटा सलतो, तिच्याविषयी रोज सकाळी आसनांनंतर पाच मिनिटे, संथ श्वासावर, ‘तिचे सुख टिकावे’ असा भाव धरून बसा. तो खरा वाटला पाहिजे असा आग्रह नको. एका वहीत तारीख, बसलात की नाही, आणि त्या दिवशी ती समोर आल्यावर मनात काय उमटले ते एका ओळीत लिहा. तीन महिने साधना बदलू नका. सुरुवात करण्याआधी पहिल्या पानावर मात्र हे लिहून ठेवा की तीन महिन्यांनंतर काय दिसले नाही तर ‘याचा उपयोग झाला नाही’ असे मी मानीन. हे वाक्य आधी लिहिलेले नसेल, तर शेवटी मन स्वतःला सोयीचा निकाल लावते. श्रद्धाळू मन होकाराचा आणि आळशी मन नकाराचा.

दुसरा महिना बहुधा सर्वांत कंटाळवाणा जाईल. नवेपणा संपलेला असतो आणि फळ दिसत नसते. त्या चार-पाच आठवड्यांत रोज वही उघडायला लावणारी जी गोष्ट असते, तिलाच मी श्रद्धा म्हणतो, आणि ती चार्वाकालाही शक्य आहे. तीन महिन्यांनी नोंदी वाचून काहीच बदल नसेल, तर तसे प्रामाणिकपणे लिहा आणि दुसरा ‘वा’ निवडा. तुकोबांनी ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ असे म्हटले आहे. साक्षीदार मनाला साक्ष देता यावी यासाठी त्याच्यापुढे काही घडले पाहिजे, ते या वहीत घडते.

ओंकाराविषयी : योगसूत्रांत प्रणव, म्हणजे ओंकार, हा ईश्वराचा वाचक म्हणून येतो आणि त्याचा जप अर्थाच्या भावनेसह करायला सांगितला आहे, पण वर म्हटल्याप्रमाणे ईश्वरप्रणिधान हा अनेकांतील एक पर्याय आहे. त्यामुळे अर्थ पटत नसताना तो तोंडाने म्हणणे तुम्हाला खोटेपणाचे वाटते यात गैर काही नाही. तुम्ही त्या वेळी डोळे मिटून, मौन धरून, इतरांच्या आवाजाइतका लांब श्वास नुसता सोडत बसू शकता. वर्ग संपल्यावर शिक्षकांना बाजूला घेऊन हे सांगा. पुढे कधी म्हणावेसे वाटले तर त्या दिवशी म्हणा. माझ्या सकाळच्या वर्गात एक निवृत्त प्राध्यापक अकरा वर्षे असेच गप्प बसत आले आहेत, आणि त्यांचा रेचक, म्हणजे सोडलेला श्वास, सगळ्या वर्गात सर्वांत लांब आहे.